सदाफुलीचं औषध यीस्टकडून का बनवून घ्यायचं?

प्रश्न:
लेकीला रक्ताचा कर्करोग झाला होता तेव्हा तिला शिरेतून विनक्रिस्टीन द्यायचे. सिस्टर प्रत्येक वेळी लेबल दोनदा मोठ्याने वाचायच्या, तो आवाज अजून कानात आहे. ते औषध मुळात सदाफुलीतलं, हे फार उशिरा कळलं. सदाफुली तर कुठेही उगवते! मग 2022 मध्ये संशोधकांनी यीस्टचा खटाटोप कशाला केला?

उत्तर १:
मी वनस्पतीपेशींवर काम करते. झाड उगवतं, पण पानात औषध नावापुरतंच असतं. 1 ग्रॅम विनब्लास्टिनसाठी साधारण 500 किलो वाळलेली पानं लागतात. विनब्लास्टिन हे विनक्रिस्टीनचं जुळं भावंड. रेणूत फरक एका छोट्या गटाचा. विनब्लास्टिन हे झाडातलीच कॅथरॅन्थिन आणि विन्डोलिन ही दोन द्रव्यं जोडून तयार होतं. गंमत बघा, कॅथरॅन्थिन पानावरच्या मेणाच्या थरात जाऊन बसतं आणि विन्डोलिन आतल्या पेशींमध्ये. दोघांची गाठ फारशी पडतच नाही! पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी सदाफुलीचं पान हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसले होते. यीस्टमध्ये वनस्पतींची 34 जनुकं घालून दोन्ही घटक मिळवले, जोडणी मात्र बाहेर, रासायनिक पद्धतीने केली.

उत्तर २:
त्या प्रयोगात उत्पादन मात्र फारच कमी होतं, लिटरमागे 1 मिलिग्रॅमसुद्धा नाही. कारखान्यापर्यंत पोचायला बराच पल्ला आहे.

प्रश्नकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. लेक आता अकरावीत आहे, जीवशास्त्र घेतलंय. मेणाच्या थराचं तिला आजच सांगते.