मॅक फिप्स : गाणी ऐकायला बसलो की खटलाच डोक्यात फिरतो, तुमचं पण असंच होतं का?

रात्रपाळीवाला_नाशिक

नमस्कार मंडळी, रॅपवर इथे बोलणारे थोडेच आहेत पण जे आहेत ते मनापासून ऐकणारे आहेत म्हणून विचारतोय.

मी सातपूरला रात्रपाळी करतो, येता जाता बसमध्ये हेडफोन असतोच. तीनचार महिन्यांपूर्वी न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या रॅपच्या नादी लागलो, नो लिमिट रेकॉर्ड्सवाले, मास्टर पी आणि त्याची सगळी गँग. त्यात मॅक नावाचा एक जण सापडला, पूर्ण नाव मॅकिन्ली फिप्स. बाकीचे सगळे एका साच्यातले वाटत होते आणि हा एकदम वेगळा, शब्द कुठे सोडायचा आणि कुठे रोखून धरायचा हे त्याला आतून कळतं असं वाटलं. १३ वर्षांचा असताना, १९९० मध्ये, त्याचा पहिला अल्बम आला होता, म्हणजे आपण सातवी-आठवीत गृहपाठ चुकवत होतो त्या वयात. मग १९९८ ला 'शेल शॉक्ड', तो तर अमेरिकेच्या मुख्य चार्टमध्ये पार वर गेला होता.

तर मी खूश होऊन त्याच्याबद्दल वाचायला घेतलं आणि जिकडे तिकडे फक्त खटला. २१ फेब्रुवारी २००० ची रात्र, लुइझियानातलं स्लायडेल गाव, एका क्लबमध्ये भांडण, गोळीबार, १९ वर्षांचा एक मुलगा गेला. मॅकला अटक, २००१ मध्ये सदोष मनुष्यवधाखाली दोषी, ३० वर्षं शिक्षा. त्याआधी त्याच्यावर एकही गुन्हा नव्हता. २०२१ मध्ये सुटला. तेव्हापासून त्याचं कुठलंही गाणं लावलं की मला तो क्लबच दिसतो, शब्दांकडे लक्षच राहत नाही. चांगला कलाकार आणि त्याची केस वेगळी ठेवता येते का हो? आणि सी-मर्डरचं पण तेच ना, त्याच कंपनीचा? ज्यांनी नीट वाचलंय त्यांनी जरा सांगा.

---

शंका_फार

सी-मर्डर आणि मॅक यांना एका ओळीत बसवू नका ही पहिली विनंती. कंपनी एक, राज्य एक, पण केसेस वेगळ्या. सी-मर्डर म्हणजे कोरी मिलर, मास्टर पीचा सख्खा भाऊ. जानेवारी २००२ मध्ये हार्वी गावातल्या क्लबमध्ये १६ वर्षांचा पोरगा मारला गेला, बनावट ओळखपत्र दाखवून आत गेलेला, आणि तो याच माणसाचा फॅन होता. २००३ ला दोषी, मग तो निकाल रद्द होऊन २००९ ला पुन्हा खटला, पुन्हा दोषी, जन्मठेप. २०१८ मध्ये दोन साक्षीदारांनी साक्ष फिरवली तरी अजून आतच आहे. शिवाय बॅटन रूजच्या एका क्लबमधल्या वेगळ्या गोळीबारात त्याने 'नो कॉन्टेस्ट' म्हणजे आरोप लढवत नाही असं कोर्टात सांगितलं होतं, ते पण लक्षात ठेवायला हवं. त्याने नंतर स्टेजवरचं नाव बदलून सी-मिलर केलं पण लोक सी-मर्डरच म्हणतात.

आणि एक बोलतो, राग मानू नका. अशा धाग्यांवर सगळे रॅपरबद्दल हळहळतात. १९ वर्षांच्या त्या मुलाच्या घरी काय झालं असेल यावर एक ओळ पण नसते. माझा चुलतभाऊ २० व्या वर्षी गेला, अपघातात, पण त्या घरात अजून दिवाळीला आकाशकंदील लावत नाहीत. म्हणून मला आधी तो मुलगा आठवतो, गाणं नंतर.

---

मिक्सरबोर्ड

शंका_फार यांचं शेवटचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण रात्रपाळीवाला, तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहिली आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी आहे. केसमुळे त्याचं गाणं झाकलं गेलं एवढंच नाहीये. गाणंच कोर्टात नेऊन त्याच्या विरोधात उभं केलं.

मी साउंड एडिटिंग करतो, मुंबईत, २२ वर्षं झाली, त्यामुळे हे वाचलं तेव्हा पोटात कालवलं. काय केलं बघा. त्याच्या दोन वेगळ्या गाण्यांतल्या दोन ओळी घेतल्या. एक होती एका गाण्याची धृवपद टाइप ओळ, खून खून मार मार अशा अर्थाची, आणि ते गाणं मुळात रॅपर-रॅपरमधल्या लढाईचं आहे, म्हणजे समोरच्याला शब्दांनी गार करणं, आपल्याकडे कलगी-तुऱ्यात एकमेकांची जिरवायचे तसं. दुसरी ओळ 'शेल शॉक्ड'मधली. त्यात तो स्वतःबद्दल बोलतच नाहीये, बापाबद्दल बोलतोय. बाप व्हिएतनामला लढून आलेला, गल्लीत त्याचा दरारा, माझ्या वाटेला गेलास तर माझा बाप तुझ्या डोक्यात गोळी घालेल असं पोरगं सांगतंय. सरकारी वकिलाने त्यातला बाप काढून टाकला आणि उरलेला तुकडा पहिल्या ओळीला जोडून ज्युरीसमोर, म्हणजे निकाल देणाऱ्या साध्या नागरिकांसमोर, असा म्हणून दाखवला की जणू मॅकच सांगतोय, मी मारतो, माझ्या नादी लागलात तर गोळी खाल.

एक शब्द गेला, 'तो' चा 'मी' झाला. मी रोज हेच काम करतो हो. एखाद्या मुलाखतीत श्वास जास्त झाला, अडखळणं झालं, तर कापून दोन टोकं जुळवायची, ऐकणाऱ्याला सांधा कळता कामा नये. पण कोणाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी जाणार नाही हा आमच्या धंद्यातला पहिला नियम, मला शिकवणाऱ्या काकांनी पहिल्याच आठवड्यात यावरून कान धरला होता. इथे तर माणसाची ३० वर्षं त्या सांध्यावर टांगलेली.

आता लावणी बघा. होनाजी बाळा, राम जोशी, पुरुष माणसं, बाईच्या तोंडून लिहिलंय, रुसवा काय, विरह काय. कोणी म्हणतं का की हे शाहिराचं स्वतःचं निवेदन आहे? पोवाड्यात कोथळा काढतात म्हणून शाहिराच्या घरी पोलीस जात नाही. रॅपमध्ये पण सोंग असतं. नो लिमिटवाल्यांचं तर सगळंच फौजी, रणगाडा काय, कॅमोफ्लाजचे कपडे काय, मॅकला 'कॅमोफ्लाज असॅसिन' म्हणायचे, आणि ते टोपणनाव पण कोर्टात ज्युरीसमोर आलं. मार्केटिंगसाठी ठेवलेलं नाव.

---

रात्रपाळीवाला_नाशिक

बापाचं हे मला माहीतच नव्हतं. मी ते गाणं किमान पन्नास वेळा ऐकलं असेल.

पण दादा, नुसत्या गाण्यावर कोणी दोषी कसं ठरवेल, दुसरा पुरावा असेलच ना काहीतरी?

---

कोर्टाबाहेरचा_चहा

मी वकील आहे, फौजदारीच जास्त करतो, म्हणून उत्तर जरा लांबेल, सांभाळून घ्या.

विरोधात काय होतं ते आधी, म्हणजे एकतर्फी नको व्हायला. मॅककडे त्या रात्री पिस्तूल होतं आणि ते हातात घेतलेलं लोकांनी पाहिलं, हे तो स्वतः नाकारत नाही. त्याचं म्हणणं असं की कार्यक्रम आईने ठेवला होता, ती दारावर पैसे घेत होती, गोळीचा आवाज आला तसा तो पिस्तूल काढून आईला शोधायला पळाला. काही साक्षीदारांनी त्यानेच गोळी झाडली असं सांगितलं. हे लहान नाही, मी त्याच्या बाजूने उभा असतो तरी मला याचीच सगळ्यात भीती वाटली असती.

आता दुसरी बाजू. जीव घेणारी गोळी त्याच्या पिस्तुलातून सुटली असा कुठलाही शास्त्रीय पुरावा नाही. सिक्युरिटीचं काम करणाऱ्या एका माणसाने काही दिवसांतच पोलिसांकडे येऊन व्हिडिओवर कबुली दिली की गोळी मी झाडली, तो मुलगा फुटकी बाटली घेऊन माझ्या अंगावर आला होता. तपासवाल्यांना ती पटली नाही आणि खटला मॅकवरच राहिला. पुढे २०१५ च्या आसपास पत्रकारांनी जुने साक्षीदार गाठले तेव्हा काही जणांनी दबावाच्या गोष्टी सांगितल्या. एक बाई तेव्हा गरोदर होती, तिचं म्हणणं असं की साक्ष दिली नाहीस तर बाळंतपण तुरुंगात होईल असं तिला सांगितलं गेलं. फितूर साक्षीदार मी शेकड्याने पाहिलेत, दोन्ही बाजूंचे, त्यामुळे साक्ष फिरली की लगेच माणूस निर्दोष असं मी कधीच म्हणणार नाही. पण कबुली पण आहे, शास्त्रीय पुरावा पण नाही, आणि वरून गाणं असं कापून लावलं, हे एकत्र बघितलं की माझा तरी त्या निकालावर विश्वास बसत नाही. त्या भागाचा तेव्हाचा डिस्ट्रिक्ट ॲटर्नी, म्हणजे मुख्य सरकारी वकील, २०१६ मध्ये स्वतः भ्रष्टाचाराच्या खटल्यात दोषी ठरला आणि पुढे तुरुंगात गेला. तो मामला पूर्ण वेगळा, याच्याशी जोडू नका, पण ऑफिस कोणाच्या हातात होतं ते कळतं.

आणि आता जे खरं सांगायचंय ते. ज्युरीत १२ जण, त्यातले १० म्हणाले दोषी, २ म्हणाले नाही. अमेरिकेत जवळपास सगळीकडे एक जण जरी अडला तरी दोषी ठरवता येत नाही. लुइझियाना आणि ऑरेगन ही दोनच राज्यं १०-२ वर भागवायची. लुइझियानात हे १८९८ च्या घटना परिषदेत आलं, तेव्हा ९-३ होतं, आणि हेतू उघड होता, ज्युरीत एकदोन काळे बसले तरी त्यांच्या मताला किंमत राहू नये. १९७० च्या दशकात त्याचं १०-२ केलं. सी-मर्डरचा २००९ चा निकाल पण १०-२ च. २०१८ मध्ये तिथल्या लोकांनीच मतदान करून नियम बदलला पण तो १ जानेवारी २०१९ पासून पुढच्या गुन्ह्यांना. एप्रिल २०२० ला सुप्रीम कोर्टाने एकमत नसलेला निकाल घटनाबाह्य ठरवला. लोकांना वाटलं आता आतले जुने कैदी पण सुटणार. मे २०२१ मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं, ज्यांची अपिलं संपलीत त्यांना हे लागू नाही. म्हणजे पद्धत चूक होती हे मान्य, पण त्या पद्धतीने आत गेलेला आतच.

आपल्याकडे ज्युरी म्हटलं की नानावटी आठवतो, बायकोच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेला नौदल अधिकारी. १९५९, मुंबई, ८ विरुद्ध १ ने निर्दोष, न्यायाधीशांना ते पटलं नाही म्हणून हायकोर्टात पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. तिथे ज्युरीला आरोपीबद्दल पेपरांमधून अमाप सहानुभूती मिळालेली, इथे मॅकबद्दल कॅसेटच्या कव्हरवरून भीती. दोन्हीकडे खोलीत बसलेल्या लोकांनी कोर्टात जे मांडलं त्यापेक्षा जे आधीच मनात होतं त्यावर जास्त ठरवलं असं मला वाटतं. १९७३ च्या फौजदारी संहितेपासून आपल्याकडून ज्युरी गेलीच.

---

ह्यूस्टनची_वहिनी

वकीलभाऊंनी छान समजावलं. मी टेक्सासला १९ वर्षं आहे, नागरिकत्व मिळाल्यावर मला ज्युरी ड्यूटीचं पत्र आलं होतं, म्हणून खोलीतलं थोडं सांगते.

आम्हाला सकाळी सातला बोलावलेलं, छातीला नंबरचं स्टिकर, मोठ्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या. मग साठेक लोकांना एका कोर्टरूममध्ये नेलं आणि दोन्ही बाजूंचे वकील प्रश्न विचारायला लागले. आरोपी पोरगेला होता, मोठ्या मापाचा शर्ट घातलेला, बहुतेक कोणाचा तरी आणलेला, कॉलरमध्ये मान हलत होती. वकिलाने विचारलं या मुलाकडे बघून आत्ता या क्षणी तो दोषी आहे की नाही कोण सांगू शकेल. बहुतेक सगळे गप्प. खरं उत्तर असतं की आत्ता तो निर्दोषच आहे कारण अजून काहीच सिद्ध नाही. माझ्या शेजारचे आजोबा हळूच मला म्हणाले, काहीतरी केलं असेल म्हणूनच आणलाय ना इथे. आणि खरं सांगते, माझ्या मनात पण तेच आलं होतं. माझी निवड झाली नाही, दुपारी घरी आले, पण ती कॉलर अजून आठवते.

त्या आजोबांसमोर जर कोणी गाण्याच्या ओळी अशा जोडून म्हणून दाखवल्या असत्या तर संपलंच. मॅकच्या ज्युरीत तर सगळे गोरे होते असं वाचलंय, तिथल्या किती जणांच्या घरात रॅप वाजत असेल?

आणि तो सुटला म्हणजे निर्दोष ठरला असं समजू नका कोणी. गव्हर्नर जॉन बेल एडवर्ड्स यांनी एप्रिल २०२१ मध्ये शिक्षेत सूट दिली म्हणून पॅरोलची, म्हणजे अटींवर मुदतीआधी सुटकेची, दारं उघडली, जूनमध्ये बाहेर आला. २१ वर्षांनी. दोषी हा शिक्का कागदावर तसाच आहे.

---

शंका_फार

वहिनी, वकीलसाहेब, वाचलं सगळं. मला अजून वाटतं की त्या मुलाच्या घरच्यांचं नाव आधी यायला हवं. पण मिक्सरबोर्डचं 'तो' चा 'मी' झाला हे वाचल्यावर एक कळलं, जर चुकीचा माणूस आत टाकला असेल तर त्या घराला पण न्याय नाहीच मिळाला. हे मी आधी असं धरलं नव्हतं. सी-मर्डरबद्दल माझं मत बदललेलं नाही. १०-२ चा घोळ त्याच्याही केसमध्ये आहे हे मात्र मान्य.

गाणी कोर्टात आणायचं बंद झालंय का आता?

---

मिक्सरबोर्ड

बंद नाही. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा केला, गाण्याच्या ओळी पुरावा म्हणून आणायच्या असतील तर न्यायाधीशाने आधी कडक तपासून घ्यायचं. पण अटलांटात यंग थग या रॅपरच्या खटल्यात २०२३ ला न्यायाधीशांनी काही ओळी आत येऊ दिल्याच. राज्यागणिक वेगळं.

रात्रपाळीवाला, केस विसरून गाणं ऐकता येतं का हा तुमचा मूळ प्रश्न राहिला. मला नाही येत. पण मी आता उलट करतो. ती बापाची ओळ येते तिथे आवाज वाढवतो आणि पूर्ण कडवं जाऊ देतो, मधे थांबवत नाही.

---

रात्रपाळीवाला_नाशिक

आज पहाटे पाळी सुटल्यावर बसमध्ये लावलं. खिडकीला डोकं टेकून, अंबड फाट्यापर्यंत तेच एक गाणं, तीनदा. पहिल्यांदा नीट कळलं की पोरगं घाबरलेलं आहे आणि बापाचं नाव पुढे करतंय, आपण शाळेत मारामारी व्हायची वेळ आली की थांब माझ्या पप्पांना सांगतो म्हणायचो ना, अगदी तसं. माझे वडील मिलिटरीत होते, ईएमईत म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागात, मी पण गल्लीत तेच सांगायचो.

सगळ्यांचे आभार. त्याचं तुरुंगातून सुटल्यानंतरचं काम कोणी ऐकलं असेल तर सांगा, आज रात्री ते घेतो.