घरामागच्या सुतारकामाच्या शेडला सब-डीबी (वेगळा वीजवाटप डबा) किती अँपिअरचा?

माशेल_रंधा:
घरामागच्या शेडमध्ये सुतारकाम सुरू करतोय. २ एचपीचा टेबल सॉ, २ एचपीचा कंप्रेसर, १ एचपीचा धूळ ओढायचा ब्लोअर, शिवाय दिवे-पंखे. सगळं सिंगल फेज. मेनपासून शेड ३० मीटर. वायरमन म्हणतो, ४ चौरस मिमीची वायर ओढून ६३ अँपिअरचा एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) टाकू, कधी ट्रिप होणार नाही. करू का?

फोंडा_वायरिंग:
नको दादा! एमसीबी असतो वायर वाचवायला. ४ चौरस मिमीवर ६३ लावलात तर ओव्हरलोडला एमसीबी पडायच्या आधी वायर तापून जळेल.

२ एचपीची मोटर चालताना साधारण १० ते ११ अँपिअर घेते, १ एचपीची ५ ते ६. सॉ आणि ब्लोअर चालू असताना कंप्रेसर लागला, वर दिवे-पंखे धरले, तरी २८ च्या आसपास. म्हणजे घरच्या डीबीत ३२ चा सी कर्व्ह (मोटर सुरू होतानाचा झटका सोसणारा) एमसीबी पुरे.

केबल मात्र सुरू होतानाच्या करंटवर ठरवा. मोटर तेव्हा पाच-सहा पट ओढते. बाकीची मशिनं चालू असताना सॉ लावला तर क्षणभर ८० अँपिअर. ३० मीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये तेवढ्याला ४ चौरस मिमीत २२ व्होल्ट पडतात, ६ मध्ये १५, १० मध्ये ९. तुमच्या वाड्यावर संध्याकाळी व्होल्टेज उतरत असेल तर मोटर गुरगुरत राहील, वेग घेणार नाही. मी १० ची आर्मर्ड (लोखंडी कवचाची) केबलच टाकेन. चर एकदाच खणायचा असतो.

डिचोलीकर:
दिव्यांना वेगळं सर्किट आणि वेगळा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) द्या. सॉचा आरसीसीबी पडला, काळोख झाला आणि पातं अजून फिरतंय, अशा वेळी हात कुठे आहे ते दिसायला हवं. सॉला डीओएल स्टार्टर (वीज गेली की सुटणारा, बटण दाबल्याशिवाय परत न लागणारा) बसवाच. पावसात वीज जाते-येते. साध्या स्विचवर सॉ परत आपोआप सुरू होईल. डबा पत्र्याचा नको, खाऱ्या दमट हवेत गंजतो. पॉलिकार्बोनेटचा, धूळ आत न जाणारा घ्या आणि केबल खालून ग्लँड (केबल घट्ट धरणारं बूच) लावून आत घ्या.

माशेल_रंधा:
आणि अर्थिंग? आमच्याकडे खाली सगळा चिरा (जांभा दगड), उन्हाळ्यात घरचा खड्डा कोरडा पडतो.

फोंडा_वायरिंग:
घरच्या अर्थ पट्टीपासून शेडपर्यंत अर्थची वेगळी तार न्या. सब-डीबीत न्यूट्रल आणि अर्थ जोडू नका, दोन्ही पट्ट्या वेगळ्या. आणखी खड्डा मारायचाच तर माडांना पाणी सोडता त्या बाजूला, आणि तोही घरच्या अर्थला जोडून. कोरड्या चिऱ्यात नुसत्या खड्ड्यावर विसंबलात तर एमसीबी पडण्याइतका करंट जमिनीतून जात नाही, म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा.

काम काढण्याआधी बिलावरचा मंजूर भार बघा. शेडचाच पाच किलोवॅटच्या आसपास जातोय. घरचा धरून बसत नसेल तर वीज खात्याकडे वाढीव भाराचा अर्ज आधी करा, आणि लायसन्सवाल्या कंत्राटदाराकडूनच जोडून घ्या.