मुलगा वाचनात अडकतो, आता घरातलं मराठी बंद करायला सांगताहेत. काय करू?

नमस्कार मंडळी,

मुलगा ८ वर्षांचा, तिसरीत, इंग्रजी माध्यम. घरी आम्ही सगळे मराठीच बोलतो. तोंडी विचारा, धडाधड उत्तरं देतो. पुस्तक पुढ्यात ठेवलं की पहिल्या ओळीतच पाणी प्यायला उठतो. डोळे, कान तपासून झाले, दोन्ही ठीक.

शाळेतल्या समुपदेशकांनी डिस्लेक्सियाची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अवघड जाण्याची, शंका बोलून दाखवली. तिथवर मान्य. पण पुढे म्हणाल्या, "दोन भाषांचा गोंधळ होतोय, घरीही इंग्रजीच बोला." सासूबाईंना हे कसं सांगू, हा प्रश्न वेगळाच!

मला हे पटत नाहीये. दोन भाषा कानावर पडल्याने डिस्लेक्सिया होत नाही, एवढं वाचलंय. मूळ अडचण बहुतेकदा शब्दातले ध्वनी सुटे करण्यात असते. ती दोन्ही भाषांत असते, दिसते मात्र वेगवेगळी. वायडेल आणि बटरवर्थ या संशोधकांनी १९९९ साली एका मुलाबद्दल लिहिलं होतं: घरी इंग्रजी, शाळा जपानी. जपानी वाचन उत्तम, इंग्रजीत मात्र डिस्लेक्सिया. म्हणजे लिपीनेही फरक पडतो.

आमच्याकडेही तसंच काहीसं. इंग्रजीत 'ब्रेड', 'बीड', 'ब्रेक' तिन्हींत ई-ए हीच जोडी, आवाज तीन. चिरंजीव म्हणतात, "ही अक्षरं खोटं बोलतात." मराठीत तो हळू वाचतो, पण पुष्कळदा बरोबर. चुका ठरलेल्या: 'घर'चं 'धर', 'सूर्य'चं 'सूयर', कारण रफार जिथे दिसतो तिथेच तो वाचतो. आणि 'दिवस' लिहिताना आधी द काढतो, मग वेलांटी, म्हणून ती व वर जाऊन बसते: 'दविस'. परवा वहीत एका पानावर चार 'दविस' सापडले. हसू आलं आणि पोटात कालवलंही.

आता नेमकं विचारायचंय ते असं. शाळेने सुचवलेल्या ठिकाणी फक्त इंग्रजीत चाचणी घेतात. मग इंग्रजी कच्चं आहे की खरंच डिस्लेक्सिया, हे कळणार कसं? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' चाचणी मराठीतही आहे. ठाणे-कल्याण भागात ती किंवा दुसरी कुठलीही मराठी चाचणी घेणारं कुणी माहीत आहे का?

दुसरं, घरची भाषा बदलून कुणाच्या मुलाला फायदा झालाय का? खरा अनुभव सांगा, 'माझ्या मावशीच्या शेजारणीचा' नको. रिमेडियल शिक्षकांना विशेष विनंती: मराठी बाराखडी आणि फोनिक्स (इंग्रजी अक्षरांचे आवाज जोडून वाचणं) एकाच वेळी घेऊ, की आधी एक पक्कं करू?

डिस्लेक्सियाच्या प्रमाणपत्राचंही विचारते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातच येतो) आहे, ते ठाऊक आहे. पण सवलत म्हणून एक भाषा सोडायला मिळते म्हणतात, आणि सगळे गृहीत धरतात की ती मराठीच. ज्या भाषेत पोरगं निदान वाचतंय, तीच सोडायची?

रोज रात्री तो आजोबांना पेपरातला फक्त हवामानाचा रकाना वाचून दाखवतो. पाच ओळी, दहा मिनिटं. हे चालू ठेवू ना?