आठ टनी पट्टा: आधी कापड बघा

चिखलात रुतलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढून काढायला ‘आठ टन’ छापलेला पट्टा चालेल का, या प्रश्नाला आकडा पुरत नाही. तो तुटण्याचा की सुरक्षित भाराचा, ते लेबलवर बघा. नसेल तर घेऊ नका. तुटण्याची मर्यादा भरलेल्या गाडीच्या दोन-तीन पट हवी: सव्वादोन टनाला साडेचार ते पावणेसात. फार जाड पट्टा ताणलाच जात नाही, म्हणजे पैसे वाया. झटक्याने काढायचं तर ताणलं जाणारं नायलॉनच. पॉलिएस्टर फक्त संथ ओढायला. इंदूरकडची काळी माती पावसात चाकं धरून ठेवते, आधी फावड्याने मोकळी करा. पट्टा गाडीला जोडणारी लोखंडी कडी, म्हणजे शॅकल, पावणेपाच टन सुरक्षित भाराची. टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) पट्टा कधीच अडकवू नका, तो गोळा तुटून काचेतून आत येऊ शकतो. आणि पट्ट्याला गाठ? अजिबात नाही, ताकद निम्म्यावर येते.