मदत हवी आहे : पाच वर्षांच्या मुलीसाठी जुना लॅपटॉप

नमस्कार मंडळी, मी अमळनेरचा. घरात जुना लॅपटॉप पडून आहे, ४ जीबी रॅम. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ त्यावर चालत नाही. म्हणून लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टीम), तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकून तो लेकीला द्यायचा विचार आहे. मोबाइलपेक्षा हे बरं, असं माझं मत. (तिच्या आजीला दोन्ही सारखेच वाटतात, ते सोडा.)

त्यावर दोन प्रोग्रॅम ठेवणार: जीकॉम्प्री, म्हणजे मुलांचे शिकण्याचे खेळ, २ ते १० वयासाठी आहे, आणि चित्रं काढायला टक्सपेंट. तिचं वेगळं खातं काढून त्याला अ‍ॅडमिनचे अधिकार देणार नाही, एवढं ठरलंय. खरी अडचण पुढे आहे. तिच्या पडद्यावर फक्त हे दोनच मोठे आयकॉन दिसावेत, खालची पट्टी हलू नये, ब्राउझर उघडूच नये, हे कसं जमवायचं? वायफाय फक्त तिच्या खात्यात बंद ठेवता येतं का?

दुसरं म्हणजे बॅटरी मेली आहे आणि उन्हाळ्यात आमच्याकडे लाईट कधीही जाते. दर वेळी धाडकन बंद पडून सिस्टीम बिघडेल का? नवी बॅटरी घ्यावी की छोटा यूपीएस?

लहान हाताला बसेल असा माऊस जळगाव-धुळ्यात कुठे पाहिला असेल तर तेही सांगा.