विषय: घरी एकटा राहिला की कुत्रा फार घाबरतो

मंडळी नमस्कार,
आमचा कुत्रा घरी एकटा राहिला की रडतो, दार ओरबाडतो, आम्ही परत येतो तेव्हा धापा टाकत असतो आणि सगळीकडे लाळ. कुणी म्हणतं ओरडा, शिस्त लावा, कुणी म्हणतं जवळ घेऊ नका, लाडाने भीती वाढते. त्याचे हाल बघवत नाहीत हो, अनुभव असेल तर प्लीज लिहा.

उत्तर १:
दादा, ओरडू तर अजिबात नका. तो पॅनिक होऊन दार ओरबाडतो, आणि आल्या आल्या तुम्ही रागावलात तर एकटं राहण्याची भीती तशीच राहते, वर तुमच्या परत येण्याचीही धास्ती बसते. जवळ घेतल्याने भीती वाढते हे साफ चूक आहे, आला जवळ तर घ्या खुशाल.

आता सराव. बाहेर जाताना फोनचा कॅमेरा चालू ठेवा आणि बघा तो नेमका कधी अस्वस्थ होतो, बऱ्याच कुत्र्यांचं आपण चावी उचलली, बूट घातले की तिथेच सुरू होतं. मग दिवसातून अधूनमधून चावी उचलायची आणि कुठेही न जाता सोफ्यावर बसायचं, चावीचं त्याला काही वाटेनासं होईपर्यंत. त्यानंतर दाराबाहेर जेमतेम काही सेकंद, आणि तो शांत आहे तोवरच आत यायचं, रडेपर्यंत थांबायचं नाही. सारखे ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, कान मागे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, हे सगळं रडण्याच्या आधी दिसतं, त्याच्यावर लक्ष ठेवा. एरवी ज्या खाऊवर तुटून पडतो त्याला तोंडही लावत नसेल तर घाई झाली समजा आणि एक पायरी मागे या. सराव चालू आहे तोवर त्याला खरंच एकटं सोडावं लागू नये, नाहीतर केलेलं पाण्यात जातं. हे सगळ्यात अवघड आहे, म्हणून इथेच विचारा ना, पाळीपाळीने त्याच्याजवळ बसायला कुणीतरी येईल.

उत्तर २:
ताईंना अनुमोदन, पण आधी व्हेटला दाखवा, विशेषतः हे अचानक सुरू झालं असेल तर. दुखणं असलं किंवा म्हातारपणी मेंदू थकला तरी कुत्रे असे वागतात. फ्लुओक्सेटिन, क्लोमिप्रामिन अशी औषधं यासाठी देतात, फ्लुओक्सेटिनचा गुण यायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. औषधाला बिचकू नका, भीती जरा उतरली की सराव लवकर जमतो. फक्त माणसांच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नका.

मूळ प्रश्नकर्ता:
दोघांचे मनापासून आभार, व्हेटची अपॉइंटमेंट घेतो. तोवर पिंजऱ्यात ठेवू का, दार तरी वाचेल?

उत्तर १:
नको दादा, घाबरलेला कुत्रा बाहेर पडायच्या धडपडीत दात-नखं मोडून घेतो. त्याला आवडते ती खोली उघडी ठेवा, तुमचा वापरलेला टीशर्ट तिथे टाका, आणि या वीकेंडला मी येऊन बसते.