पाण्याचा नुसता पृष्ठभाग टिपता येतो
या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की पाण्याच्या पृष्ठभागाचा वर्णपट (कोणत्या वारंवारतेला किती प्रकाश, याचा आलेख) घेणं अशक्यच, कारण खालच्या अब्जावधी रेणूंच्या गोंगाटात वरच्या एका थराचा आवाज बुडून जातो. साध्या इन्फ्रारेड (शोषला गेलेला प्रकाश पाहणाऱ्या) किंवा रामन (विखुरलेला प्रकाश पाहणाऱ्या) पद्धतीपुरतं हे अगदी खरं आहे. पण सम फ्रिक्वेन्सी जनरेशन (sum frequency generation, म्हणजे वारंवारतांच्या बेरजेची लेसर पद्धत) याचा उल्लेख इथे कुणीच केलेला नाही, आणि तो व्हायलाच हवा. यात एक इन्फ्रारेड आणि एक दृश्य लेसर एकाच ठिकाणी एकाच वेळी पाडतात आणि दोघांच्या वारंवारतेची बेरीज असलेला प्रकाश मोजतात. आतल्या पाण्यात रेणू सगळ्या दिशांना सारखेच विखुरलेले, त्यामुळे तिथून हा संकेत जवळपास शून्य. पृष्ठभागावर वर हवा, खाली पाणी, म्हणजे ही सममिती मोडते आणि संकेत तिथूनच येतो.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ वाय. आर. शेन यांच्या गटाने असा वर्णपट घेतला, तेव्हा ३७०० प्रति सेंमीच्या (वर्णपटात वारंवारता मोजायचं एकक) आसपास एक टोकदार शिखर दिसलं. ते हवेत मोकळ्या राहिलेल्या, शेजारच्या रेणूशी हायड्रोजन बंध न जुळलेल्या ओ-एच (ऑक्सिजन-हायड्रोजन) टोकांचं. पाण्यावर लांब साखळीच्या अल्कोहोलचा एकरेणवीय (एका रेणूइतकाच जाड) थर पसरला की ती टोकं मोकळी राहत नाहीत आणि ते शिखर नाहीसं होतं! हा संकेत पृष्ठभागावरूनच येतो याचा मला तरी याहून थेट पुरावा ठाऊक नाही.